खरजेच्या कुत्र्याला काळं ऑईल नको, फवारणीचं औषध तर नकोच



आज डाळिंबाची नोंद नाही, उसाचीही नाही. आज कुत्र्याबद्दल लिहितोय. काही जण म्हणतील, शेतीचं सोडून हे काय काढलं मध्येच. पण वाचा. विषय औषधाचा आहे, मात्रेचा आहे, आणि आपल्या शेडमध्ये फळीवर पडलेल्या अर्ध्या बाटल्यांचा आहे.

आपल्याकडं कुत्र्याला खरूज झाली की इलाज ठरलेले. एक तर गॅरेजमधनं काळं ऑईल आणून अंगभर चोपडायचं. नाहीतर फवारून उरलेलं औषध बादलीत कालवून अंगावर ओतायचं. दोन्ही जमलं नाही तर दगड मारून दुसऱ्याच्या वस्तीवर हाकलायचं, आणि तिथं कुणीतरी भाकरीत काहीतरी घालतं. माझं मत स्पष्ट आहे. हे सगळंच बंद झालं पाहिजे. त्यातही पहिले दोन आधी बंद झाले पाहिजेत, कारण ते करणारा माणूस वाईट नसतो. त्याला वाटतं आपण उपकारच करतोय.

मी हे का बोलतोय, तर गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या त्या सुमारास आमच्या मळ्यात एक कुत्री आली. फलटण तालुक्यात थंडी तशी फार नसते, पण तिच्या अंगावर केसच नव्हते, त्यामुळं कुडकुडत होती. पाठ, मान, चारी पाय उघडे. कातडी हत्तीसारखी जाड आणि चिरा पडलेली, त्यावर पांढरा कोंडा. वरनं कुणीतरी काळं ऑईल फासलेलं. दोन्ही डोळे घट्ट पिवळ्या-हिरव्या चिपडानं बंद. पुतण्यानं लांबनं बघितलं आणि म्हणाला, “काका, हिच्यावर भुरी आलीय.” द्राक्षावर, वाटाण्यावर येते ती भुरी. तेच नाव पडलं. आता सगळी वस्ती तिला भुरीच म्हणते.

पहिलं काम ऑईल काढायचं. तुमच्याकडं असं कुत्रं आलं तर हे लक्षात ठेवा, रॉकेल किंवा पेट्रोल लावून पुसू नका, कातडी आणखी जळते. घरातलं खायचं तेल हातानं चोळायचं, काळं सुटतं, जुन्या फडक्यानं टिपायचं, मग भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी. एका दिवसात निघत नाही. आम्हाला तीन दिवस लागले. घाई अशासाठी की कुत्रं अंग चाटतं. इंजिनातनं काढलेल्या ऑईलमध्ये धातूचा अंश असतो, जळकं इंधन असतं, ते सगळं पोटात जातं. हाताला मोजे घालून, तोंडाला सुती पट्टी सैल बांधून हे केलं, कारण अनोळखी जनावर आहे, दुखलं की चावणारच. आणि रेबीजची भीती खोटी नाही. चावलं, ओरखडलं तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यात हयगय नको.

आता खरजेकडं येतो. इथं शेतकऱ्याला एक गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

वांग्यावर, भेंडीवर लाल कोळी येतो. आपल्याला माहीत आहे की तो किडा नाही, त्याला आठ पाय असतात. म्हणून साधं कीटकनाशक मारून तो जात नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉईडच्या फवारण्या झाल्या की त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट होतो. त्याला कोळीनाशकच लागतं. कुत्र्याच्या खरजेचे जीवही याच कोळी वर्गातले आहेत. डोळ्याला दिसत नाहीत एवढे बारीक.

त्यातही दोन मुख्य प्रकार. एक कातडीत बोगदे करणारा. तो फार खाजतो, एका कुत्र्याकडनं दुसऱ्याकडं पटकन जातो, आणि माणसाच्या अंगावर आला तर आपल्यालाही काही दिवस पुरळ-खाज येते. दुसरा केसाच्या मुळाशी राहणारा, विडीसारखा लांबट. हा थोड्या संख्येनं निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतो, पिल्लाला आईच्या अंगावरनं पहिल्या काही दिवसांतच मिळतो. अंगात ताकद आहे तोवर गप्प राहतो, ताकद कमी झाली की माजतो. हा माणसाला लागत नाही. दोन्हीला आपण “खरूज” म्हणतो, पण रोग वेगळे, कोर्स वेगळा, मुदत वेगळी.

म्हणजे आधी निदान. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी ब्लेडनं कातडी खरवडली, थोडं रक्त पाझरेपर्यंत, ते काचेवर तेलाच्या थेंबात घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मला पण दाखवलं. विडीसारखे कोळी वळवळत होते, अंडीही होती. पाच मिनिटांचं काम. आणि या पाच मिनिटांशिवाय लोक वर्षवर्ष औषधं लावत बसतात! माती परीक्षण न करता खत टाकणाऱ्याला आपण हसतो, मग इथं काय वेगळं आहे?

केसाच्या मुळाशी बसलेल्या कोळ्याला वरनं हळद-खोबरेल लावून काय होणार? डाळिंबाच्या खोडकिड्याला पानावर धुरळणी केल्यासारखं ते. औषध आतनं जायला पाहिजे. भुरीला दर महिन्याला एक चघळायची गोळी सुरू झाली, वजनावर ठरवून. त्याशिवाय आठवड्यातनं दोनदा औषधी शाम्पू. फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. ही दहा मिनिटं फार महत्त्वाची. आमची घरची लोकं दोन मिनिटांतच पाणी ओतायला निघायची. मी घड्याळ घेऊन बसायचो.

मॅडमनी अजून एक प्रश्न विचारला, तो मला फार पटला. “कोळी वाढला हे दिसतंय, पण ताकद का कमी झाली?” वयात आलेल्या कुत्र्याला ही खरूज अंगभर झाली की मागं दुसरा आजार असू शकतो. रक्त तपासलं. गोचिडाचा ताप निघाला. आपल्याला हे नवं नाही, झाड अशक्त झालं की भुंगेरा खोडात शिरतो, नुसता भुंगेरा मारून झाड उभं राहत नाही. मग त्याच्या गोळ्या चार आठवडे, पोटात भाकरी असतानाच. खाणं सुधारलं. नुसती दूध-भाकरी कुत्र्याला पुरत नाही, उकडलेलं अंडं, शिजवलेलं बिनहाडकाचं मटण-चिकनचं काहीबाही रोज थोडं. कांदा घालायचा नाही, कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्ष-मनुका पण नाही, मूत्रपिंड जातं. द्राक्षवाल्यांनी हे ध्यानात ठेवा, बागेत पडलेले घड कुत्री खातात.

मी वहीत लिहीत गेलो, बहाराची नोंद ठेवतो तशी. तारीख, वजन, गोळी, खरवड. आली तेव्हा नऊ किलो. तिसऱ्या महिन्यात साडेबारा. अंगावर तांबूस केस आले, शेपूट हलायला लागली, लोक म्हणाले झाली बरी, आता कशाला गोळ्या. नेमकी इथंच सगळी फसगत होते. तिसऱ्या महिन्याच्या खरवडीत जिवंत कोळी होतेच, फक्त कमी. त्या दिवशी औषध थांबवलं असतं तर दोन महिन्यांत परत तेच ध्यान. नियम असा आहे की महिन्याच्या अंतरानं दोन खरवडी स्वच्छ निघाल्या पाहिजेत. भुरीची पहिली स्वच्छ खरवड पाचव्या महिन्यात आली, दुसरी सहाव्या. आज वजन साडेपंधरा.

मधल्या काळात गावात मोटारसायकलवर फिरून इंजेक्शन देणारा एक जण आला होता. म्हणाला, एक सुई मारतो, उद्या खाज बंद. खाज बंद झालीही असती. ते स्टेरॉईड असतं. खाज दबते, कुत्रं झोपतं, मालक खूश, आणि अंगातली उरलीसुरली ताकद दबून कोळी मोकळा सुटतो. पिवळ्या पिकाला युरिया मारला की आठ दिवस काळंशार दिसतं, तसलाच प्रकार. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. काही जण गायीचं गोचिडाचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देतात. पाचशे किलोच्या जनावराची बाटली आणि दहा किलोचं कुत्रं, यात अंदाज चालत नाही. शिवाय काही जातीच्या कुत्र्यांना त्यातलं औषध मेंदूत चढतं. मिश्र जातीच्या भटक्या कुत्र्याच्या अंगात काय आहे हे आपण बघून सांगू शकत नाही.

आता डोळे. खरं सांगायचं तर खरजेपेक्षा डोळ्यांनीच जास्त दमवलं.

चिपड बघून प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. मध घाल, तुरटीचं पाणी घाल, एरंडेल घाल. मेडिकलवाल्यानं माणसाच्या डोळ्याचे थेंब पुढं केले, म्हणाला यानं लाली लगेच जाते. लाली जाते कारण त्यातही स्टेरॉईड असतं. डॉक्टर मॅडमनी आधी नारंगी रंगाची एक पट्टी ओली करून डोळ्याला लावली. डाव्या बुबुळावर जखम होती, ती हिरवी चमकली. जखमेवर स्टेरॉईडचा थेंब गेला तर बुबुळ विरघळत जातं, डोळा फुटू शकतो. म्हणजे ती मेडिकलवरची बाटली घातली असती तर डोळा गेलाच होता.

जखमेचं औषध सुरू करून मॅडमनी पुढं शिरवळला पाठवलं, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. छोटा हत्तीत पोतं अंथरून नेली. तिथं दुसरी पट्टी, कागदाची, खालच्या पापणीत अडकवून एक मिनिट ठेवली. अश्रू किती मिलिमीटर चढतो ते मोजायचं. चांगल्या डोळ्यात मिनिटाला पंधरा किंवा जास्त. भुरीच्या उजव्या डोळ्यात सहा, डाव्यात तीन. डोळे वाहतायत असं आपल्याला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात ते कोरडे होते! चिकट चिपड दिसतं ते पाणी कमी पडल्यामुळंच. ठिबकचे ड्रिपर चोक झाल्यावर झाडाखाली जसा पांढरा क्षार जमतो, तसं काहीसं समजा. अंगाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रूच्या ग्रंथीवर उलटते, त्यानं बहुतेक वेळा हे होतं.

त्याचं मलम आहे, सायक्लोस्पोरिनचं. दिवसातनं दोनदा, कायमचं. आज घातलं आणि उद्या फरक, असं नाही. पाच-सहा आठवडे काही दिसत नाही आणि तिथंच लोक सोडतात. तोवर कृत्रिम अश्रूचे थेंब दिवसात चार-पाच वेळा. सकाळी धार काढून झाली की चिपड कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून पुसायचं, वाळलेलं ओढायचं नाही, मग मलम. संध्याकाळी परत. पंजानं डोळा खाजवू नये म्हणून जुन्या बादलीचा बूड कापून गळ्यात अडकवला होता. पहिले दोन दिवस ती दाराला, खुंटीला, गायीला आपटत फिरली, गाय पण बावचळली.

सहा महिन्यांनी परत मोजलं. उजवा चौदा, डावा सात. उजव्यानं चांगलं दिसतं. डाव्या बुबुळावर काळपट फूल पडलंय, त्यातनं अंधुक दिसत असावं, त्या बाजूनं माणूस आला की दचकते. ते फूल आता जाणार नाही. आणि मलम थांबवलं की आठवड्यात चिपड परत येणार, हेही ठरलेलं. हा बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आजार आहे. चोपण जमीन असते तशी. जिप्सम टाका, चर काढा, शेणखत घाला, पीक येतं, पण लक्ष काढलं की परत वर क्षार दिसतो. म्हणून कुणी ती जमीन टाकून देत नाही.

फवारणीच्या औषधाबद्दल थोडं कडक बोलतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती माणसं औषध प्यायली नव्हती. कातडीतनं आणि श्वासातनं गेलं. मग तेच औषध चिरा पडलेल्या, केस नसलेल्या कातडीवर बादलीनं ओतायचं आणि वरनं ते जनावर चाटणार, याला इलाज कसं म्हणायचं? लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, श्वास लागतो. लोक म्हणतात “खरजेनं मेलं.” खरजेनं नाही, औषधानं मेलं. आणि ओतलेलं पाणी कुठं जातं? गोठ्यात, उकिरड्यात, कोंबड्या तिथंच टिपतात. बाटलीवर पिकाचं नाव असतं, किडीचं नाव असतं. लेबल क्लेम लेबल क्लेम म्हणून आपण निर्यातीच्या द्राक्षाला एवढं जपतो. त्या लेबलवर कुत्रं कुठं लिहिलंय?

कृषी सेवा केंद्रवाल्यांना म्हणून हात जोडून सांगणं आहे. “कुत्र्यासाठी काहीतरी द्या” म्हणून कोणी आलं तर बाटली देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता सांगा. कृषी सहायक साहेबांनो, सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण घेता तेव्हा मोजे, चष्मा, लाल-पिवळा त्रिकोण सगळं सांगता. त्यात एक वाक्य एवढंच वाढवा, उरलेलं औषध जनावरावर नाही. कोपऱ्यावर बसून ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे केलेलं असतं.

खर्चाचं विचारणारे भेटतात. माझा आतापर्यंतचा सगळा मिळून अकरा हजार चारशे रुपये झाला, गाडीभाड्यासकट. कमी नाही. ज्याला झेपत नाही त्यानं करू नये, आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण न झेपणं वेगळं आणि विष ओतणं वेगळं. बांधावर राहू द्या, भाकर टाका, दवाखान्याला कळवा, एवढं तर फुकट आहे. माझं म्हणाल तर मृग बहारात फुलगळ थांबत नव्हती तेव्हा याच्यापेक्षा जास्त पैसे बुरशीनाशकाला गेले. फूल गळायचं ते गळलंच, पण त्याचा हिशोब मला कुणी विचारला नाही.

दुसरं म्हणतात, भटक्या कुत्र्यांनी शेळ्या फाडल्या आणि तुम्ही त्यांनाच पोसता. शेजारच्या वस्तीवर एका रात्रीत तीन करडं गेली, मी स्वतः बघितलीत. कुत्र्यांचा त्रास खरा आहे, पोरं शाळेत जाताना भितात तेही खरं आहे. म्हणूनच नुसतं खायला घालून पुण्य मिळवणाऱ्यांचं मला पटत नाही. भुरीला रेबीजची लस दिली आणि अंगात ताकद आल्यावर नसबंदी केली. नसबंदीचं कारण दुहेरी. माजावर आली की ही खरूज उलटू शकते, आणि या खरजेचा कमकुवतपणा पिल्लांत उतरतो. रोगट झाडाचं बी आपण धरत नाही, इतकं सोपं आहे. सरकारचे 2023 चे नियमही नसबंदी आणि लसच सांगतात. विष घालणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यानं कुत्री कमीही होत नाहीत, रिकाम्या जागेवर पुढच्या गावची येतात. ग्रामपंचायतीनं वर्षातनं एकदा नसबंदी-लसीचं शिबिर लावलं तर करडं वाचतील. आमच्या ग्रामसभेत हा विषय मी दोनदा मांडला. दोन्ही वेळेला हशा झाला. ऑगस्टच्या सभेत तिसऱ्यांदा मांडणार आहे, या वेळी करडं गेलेला शेतकरी माझ्या बाजूनं बोलायला तयार झालाय.

ज्यांच्याकडं आत्ता असं कुत्रं असेल त्यांच्यासाठी शेवटचं. पावसाळ्यात कातडी दमट राहून परत फोड येतात, आंघोळीनंतर कोरडं फडकं आणि शेडमध्ये कोरडी जागा. पाचटावर झोपू देऊ नका, डोळ्यात कुसं जातात. बोंदरी अंथरा, दर आठवड्याला उन्हात टाका. माणसाची अंगदुखीची गोळी देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. डोळ्याची उघडलेली ट्यूब महिन्याच्या वर वापरायची नाही, झाकणावर तारीख लिहा. भुरीच्या ट्यूबवर बारा तारीख आहे, परवा फलटणला बाजाराला जाईन तेव्हा नवी आणायचीय.